वरून दिलेला कागद

२ जुलै, बुधवार

आज प्रिंटरचं काम झालं. रेवणसिद्ध सकाळी आला. उदगीर रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आदर्शचा मित्र. गाडीवरून उतरायला त्याला जरा वेळ लागला. दुकानाच्या पाटीकडे बघत राहिला. मग "जयभीम काका" म्हणाला आणि आत आला. मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय बोलावं सुचलं नाही.

बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवतो. नोकरीत लाइनमन होतो. सबस्टेशनला ड्यूटी असली की रोजचं रोज लिहावं लागायचं, ती सवय आहे.

माझा मुलगा आदर्श एप्रिलमध्ये गेला. डोक्यात रक्तस्राव झाला. लातूरच्या दवाखान्यात नेला, तिथून परत आला नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. आता तिथं मी बसतो आणि फक्त झेरॉक्स काढतो. टायपिंग मला येत नाही. ते सुनेला, विशाखाला येतं. वैजनाथ सर म्हणून इथल्या एका खासगी शाळेचे मुख्याध्यापक आहेत. त्यांनी चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम विशाखाला दिलं आहे. पण माझी नात माया अजून रांगतही नाही. तिला घेऊन दुकानात तहसीलच्या माणसांच्या गर्दीत बसणं विशाखाला जमणार नाही. ती माडीवरच्या खोलीत लॅपटॉपवर काम करते. प्रिंटर खाली, ती वर.

तिचा भाऊ आनंदराज नांदेडला असतो. तो म्हणतो, विशूला इकडं घेऊन येतो, एका क्लासमध्ये नोकरी बघून ठेवली आहे. विशाखा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. इथं तिला तिचं स्वतःचं काम असलं तर ती राहील, असं मला वाटतं. म्हणून रेवणसिद्धला बोलावलं. हे कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही.

रेवणसिद्ध म्हणाला, "काका, नवा वायफायवाला प्रिंटर घ्या, कटकट संपली." मी म्हणालो, हाच ठेवायचा. त्यानं परत विचारलं नाही. या प्रिंटरला यूएसबीची वायर आहे, ती आदर्शच्या कॉम्प्युटरला लावलेली आहे. रेवणसिद्धनं त्या कॉम्प्युटरवर प्रिंटर शेअर केला. म्हणजे वर लॅपटॉपवर बटण दाबलं की कागद वायफायवरून आदर्शच्या कॉम्प्युटरमध्ये येतो आणि तिथून वायरनं प्रिंटरला जातो. सबस्टेशनच्या एका फीडर लाइनवरून दुसरी लाइन काढावी तसं.

सुरुवातीला लॅपटॉपला प्रिंटर सापडेचना. बऱ्याच वेळानं कळलं की लॅपटॉप शेजारच्या ईश्वरप्पांच्या वायफायला लागलेला आहे. माझी बायको सुमन म्हणाली, "म्हणजे आपले कागद ईश्वरप्पाच्या घरी निघत होते का काय?" रेवणसिद्ध हसला. या घरात कुणीतरी हसलं म्हणून सुमनही हसली, मग उठून आत गेली.

मध्ये कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. तो आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. विशाखा पुढे झाली, आमच्याकडे पाठ करून तिनं तो टाकला आणि बाजूला झाली.

मी चहा सांगायला कोपऱ्यावर गेलो. परत आलो तेव्हा रेवणसिद्ध विशाखाला काय काय समजावून देत होता. मग ती वर गेली आणि वरून एक पान दिलं. खाली प्रिंटर गुरगुरला आणि पान बाहेर आलं. मी जिन्यातून वर सांगितलं, "आलं." ती म्हणाली, "आलं का मामा?" तिचा आवाज बरा वाटला.

संध्याकाळी आदर्शचा कॉम्प्युटर बंद केला, पुसला, त्याच्यावर कापड घातलं. चालू यंत्रापुढं माणूस नसेल तर ते चालू ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे. आणि मी बंद केलेलं बटण घरात दुसरं कुणी लावत नाही. तेवढी शिस्त आदर्शलाही होती.

३ जुलै

दुकानात सकाळपासून उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी. झेरॉक्सला कॉम्प्युटर लागत नाही, ते एक बरं.

अकराच्या सुमाराला विशाखा खाली आली. दारात उभी राहिली. कापड घातलेल्या कॉम्प्युटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "काही पाहिजे का?"

"काही नाही मामा."

वर गेली. वरून आज एकही कागद आला नाही. माया रडत होती, त्यामुळं काम झालं नसेल.

६ जुलै, रविवार

आजही वरून काही आलं नाही.

सुमन बाजारातून तावातावानं आली. "आवं, तुमची सून स्टँडजवळच्या दुकानात कागद छापून घेऊन राहिली. पेन ड्राइव्ह घेऊन रांगेत उभी. लेकरू कडंवर. घरात मशीन हाय अन् ही उन्हात!"

"तिला विचारलंस का?"

"मी कशाला इचारू? मशीन तुम्ही बसिवलं."

विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. मला वाटतं कारण समजलं आहे. तो प्रिंटर, ती वायर, सगळं आदर्शच्या हातचं आहे. त्याच्या कॉम्प्युटरमधून कागद काढणं तिला सोसत नसेल. मलाही त्या खुर्चीवर बसायला जमत नाही, मी स्टूल घेतो. ज्याला जसं जमेल तसं करू द्यावं. आपण बळजबरी करायची नाही.

चुकलं असेल तर प्रिंटर बसवण्याचंच चुकलं.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. सुमन संध्याकाळी विहारात वाचनाला गेली. मी नंतर येतो म्हणालो आणि गेलो नाही.

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आदर्शचा कॉम्प्युटर लावला. मी तो मधूनमधून लावतो. पडद्यावर फोटो येतो, तो आणि विशाखा माहूरच्या किल्ल्यावर. वारं असावं, दोघांचेही केस उडाले आहेत. त्याच्यापुढं पासवर्ड मागतो. मी फोटोपर्यंतच बघतो.

आज फोटो आला आणि थोड्या वेळात प्रिंटर आपोआप सुरू झाला. मी हात लावला नव्हता. एक पान आलं, दुसरं आलं, येतच राहिली. सातवी विज्ञान. मग पाचवी गणित. मी स्टुलावरून उठलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आयुष्यभर कधी ठेवला नाही. तरी एक क्षण अंगावर काटा आला हे खरं आहे.

आवाज ऐकून विशाखा धावत खाली आली. मायाला तशीच काखेत घेऊन. दारात थांबली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा उघडा बघितला.

"मामा, तुम्ही लावलात?"

"हो. जरा बघावं म्हणून."

तिनं पानं गोळा केली. एकेक पान बघत होती. परीक्षा होऊन गेलेल्या प्रश्नपत्रिका असाव्यात, कारण बरीचशी पानं तिनं पालथी करून मायाला खेळायला दिली. मग म्हणाली, "आता चालू ठेवणार आहात का?"

"नाही, बंदच करतो," मी म्हणालो. "कुणी बसणार नाही, उगीच चालू कशाला."

"बरं," म्हणाली. थोडी थांबली. मग मायाला घेऊन वर गेली.

त्या एका 'बरं'वर मी विचार करतो आहे. आदर्शचा फोटो तिनंही बघितला असणार. मी आधी बंद करायला हवा होता. नेटवर्कमध्येही काहीतरी दोष आहे. कागद दिला की येत नाही आणि दिला नसताना येतो. रेवणसिद्धला सांगायला पाहिजे. तो बहिणीच्या लग्नासाठी बिदरकडं गेला आहे.

१३ जुलै, रविवार

आनंदराज आला होता. चांगला माणूस आहे. कुणाच्या घरी गेला की पाच मिनिटांत घर त्याचं होतं. आल्या आल्या मायाला खांद्यावर घेतलं आणि सुमनला म्हणाला, "आत्याबाई, ही तर तुमच्यावरच गेली. तोंड बंदच होईना."

"माझ्यावर गेली तर बरंच हाय," सुमन म्हणाली. "ह्यांच्यावर गेली असती तर मुकीच निघाली असती."

जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ दुकानात येऊन बसला. आवाज खाली करून म्हणाला, "पाव्हणं, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विशूला मी पुढल्या रविवारी न्यायचं म्हणतोय. तिकडं क्लासमध्ये पेपर टाइप करायची नोकरी हाय. आई हाय मायाला बघायला. इथं ती दिवसभर वर एकटी."

मी म्हणालो, "हो."

"तुमचं काय म्हणणं?"

"तिची इच्छा असेल ते."

"ते झालंच हो. तुमची इच्छा काय?"

तेवढ्यात विशाखा चहा घेऊन दारात आली. ती होती म्हणून मी आणखी काही बोललो नाही. तिच्यापुढं आपली इच्छा बोलून दाखवायची म्हणजे तिला अडकवल्यासारखं होईल. ती तरणी आहे. पुढं तिचं आयुष्य आहे. मी म्हणालो, "माझं काही म्हणणं नाही."

विशाखानं कप ठेवले. एक कप बशीत हिंदकळला. तिनं तो पुसून परत ठेवला.

आनंदराज गेल्यावर सुमन माझ्यावर चिडली. "माझं पोरगं गेलं. आता नात बी चालली. अन् तुमचं काही म्हणणं न्हाई! कधी असतं तुमचं म्हणणं?"

मी तिला सांगितलं की पोरीला मोकळं ठेवणं हेच बरोबर आहे. तिला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं आहे असं नाही.

१६ जुलै

आज जे कळलं ते सगळं लिहितो.

रेवणसिद्ध लग्नाचे लाडू द्यायला आला. मी त्याला म्हणालो, "तुझं नेटवर्क बिघडलंय. वरून दिलेला कागद येत नाही. आणि परवा एकदा आपोआप ढीगभर आला."

तो कॉम्प्युटरजवळ गेला. कापड उचललं. माझ्याकडे बघितलं.

"काका, हा बंद हाय की."

"बंदच असतो. त्याच्यावर कोण बसणार?"

"अहो, बसायला कोण पाहिजे कशाला? प्रिंटरची वायर ह्याला हाय. वरचा कागद ह्याच्यातूनच जाणार. हा बंद म्हणजे मधला खांबच न्हाई. कागद वर लॅपटॉपमध्ये वाट बघत पडून राहतेत. हा लावला की मग सगळे एकदम उतरतेत. मी त्या दिवशी वहिनीला सगळं सांगितलं होतं."

कागद कुठून कुठं जातो हे त्यानं त्या दिवशीच सांगितलं होतं. मी ते इथं लिहूनही ठेवलं आहे. फीडरची उपमा मीच दिली आहे. तरी रोज संध्याकाळी जाऊन बंद करत होतो. आयुष्यभर लाइन बघितलेला माणूस मी, आणि हे दिसलं नाही.

रेवणसिद्ध गेल्यावर सुमनला विचारलं, "विशाखाला माहीत होतं, तर तिनं कॉम्प्युटर लावला का नाही?"

ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली.

"तुम्ही बंद केलेलं बटण या घरात कोण लावतंय?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"लग्न होऊन आली त्याच वर्षीचं आठवत न्हाई का? तुम्ही शिडीवर चढून पंखा काढत होतात. तिला काय ठावं, तिनं मेन लावला. कसले ओरडलात! ओरडलेलं म्या तुम्हाला तेवढंच एकदा ऐकलं. पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. तवापासून तुम्ही बंद केलेल्या बल्बला सुदिक हात लावत न्हाई ती. अंधारात भांडी घासती. अन् हा तर आदर्शचा कॉम्प्युटर. रोज पुसून, कापड घालून, बंद करून ठेवता. तिला वाटणारच ना, मामाला चालत न्हाई म्हणून."

ते ओरडणं मला आठवतं. कारण सांगितलं नव्हतं तेही आठवतं. आमच्या कामात खांबावर चढायच्या आधी लाइन बंद करून परमिट घेतात. ज्याच्या नावावर परमिट, त्यानं परत केल्याशिवाय ती लाइन दुसऱ्या कुणी चालू करायची नाही. भोकरला असताना माझ्यासोबतचा मडिवाळप्पा खांबावर होता आणि खाली कुणीतरी न विचारता स्विच ओढला. मी त्याला उतरवून घेतला. त्यानंतर मी घरात तो नियम केला. कुणाला कारण सांगितलं नाही, नियम तेवढा सांगितला.

म्हणजे इतके दिवस ती मी लावण्याची वाट बघत होती. मी ती कागद देण्याची वाट बघत होतो. आणि त्या पौर्णिमेला तिनं तोंडानं विचारलं, तेव्हा मी बंदच करतो म्हणालो.

सुमन म्हणाली, "आता जाऊन सांगा तिला."

"तूच सांग."

"म्या न्हाई. बटण तुमचं हाय."

१८ जुलै

काल दोनदा जिना चढलो. एकदा मायाला झोपवत होती. एकदा दार लोटलेलं होतं. दोन्ही वेळा परत आलो. दार वाजवता आलं असतं.

आज सकाळी कॉम्प्युटर लावला, कापड काढून घडी करून कपाटात ठेवलं आणि दिवसभर चालू ठेवला. ती खाली येईल, बघेल, समजेल असं वाटलं. ती एकदा खाली आली. तिनं बघितलं. परत वर गेली. वरून काही आलं नाही.

दुपारी वैजनाथ सर आले. म्हणाले, "विशाखाताईंनी पुढच्या परीक्षेचं काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून निरोप पाठवलाय. खरं हाय का? त्यांच्यासारखं गणिताचं टायपिंग इथं कुणाचं न्हाई हो. अपूर्णांक लिहावा तर त्यांनी."

मी म्हणालो, "रविवारपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका."

सरांना काय वाटलं कोण जाणे. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायला हात गेला. मागे घेतला. चालूच ठेवला आणि आत येऊन जेवलो. जेवताना लक्ष सगळं दुकानात.

२० जुलै, रविवार

आनंदराज जीप घेऊन आला. विशाखानं दोन पिशव्या आणि मायाचं झुलं भरून ठेवलं होतं. सुमन आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत होती. कारण नसताना.

पिशव्या गाडीत गेल्या. विशाखा माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हणालो, "थांब."

सगळे थांबले. आनंदराजनं गाडीचं दार धरून ठेवलं होतं.

काय बोलायचं ते मी दोन दिवस ठरवत होतो. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही. परमिट परत करताना जे वर्षानुवर्षं बोललो तेच आलं. मी म्हणालो, "विशाखा, माणसं खाली उतरली आहेत. हत्यारं उतरवली आहेत. लाइन चालू करायला हरकत नाही."

सुमन बाहेर आली. "काय बोलून राहिले हे?"

आनंदराज म्हणाला, "पाव्हणं, तब्येत बरी हाय ना?"

मला घाम आला होता. मी परत सुरुवात केली. तो कॉम्प्युटर मी बंद करत होतो ते सवयीनं, हे सांगितलं. त्याच्यातून कागद जातो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, हे सांगितलं. मडिवाळप्पाचं सांगितलं. पंख्याच्या वेळी ओरडलो ते का, तेही सांगितलं. आदर्शच्या वस्तूला तिनं हात लावू नये असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. उलट तिनं लावावा म्हणूनच प्रिंटर बसवला, म्हणजे तिचं काम इथं राहील. इथपर्यंत आल्यावर तोंड पुसलं. मग पुढचं बोललो. "तू इथं राहावंस असं मला वाटतं. आनंदराजनं विचारलं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तरी तुला जायचं असलं तर जा. पण माझं काही म्हणणं नाही हे खोटं होतं."

विशाखा खाली बघत होती. मग तिनं वर बघितलं. माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती.

"मग सांगायचं होतं ना मामा. मी रोज सकाळी जिन्यातून वाकून बघायचे, आज तरी कापड निघालं का म्हणून."

"हो. सांगायचं होतं."

"मी पण विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

आनंदराजनं गाडीचं दार सोडलं. "म्हणजे आता काय? गाडी मी भोकरवरून मित्राची मागून आणली. रिकामी नेऊ?"

"तुला लईच घाई," सुमन म्हणाली. "जरा चहा घे."

चहा झाला. विशाखा म्हणाली, आई वाट बघते आहे, क्लासवाल्यांना शब्द दिला आहे, निदान जाऊन त्यांना तोंड दाखवायला पाहिजे. ते बरोबरच आहे. दिलेला शब्द असा फोनवरून मोडू नये. मायाला माझ्याकडे दिलं, वर जाऊन आली, परत घेतलं. गाडीत बसताना "येते मामा" म्हणाली. जाताना सगळेच 'येते' म्हणतात. त्यावरून काही कळत नाही.

माझं बोलायला उशीर झाला. पण बोललो.

२१ जुलै

वरच्या खोलीत गेलो. मायाचं झुलं नाही त्यामुळं खोली मोठी वाटते. विशाखा घाईत लॅपटॉप विसरून गेली आहे. टेबलावर तसाच आहे, वायर लावलेली. खाली तिचे टायपिंगचे कागद वजन ठेवून नीट रचलेले. तिला तिकडं लॅपटॉप लागेल. आनंदराजला फोन करून कुणासोबत पाठवून द्यावा का?

सुमनला विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "राहू द्या तिथंच. तुम्ही हात लावू नका."

२३ जुलै, बुधवार

दुपारी विशाखाचा फोन आला. ती सुमनला करते, आज मला केला.

"मामा, वैजनाथ सरांचा फोन आला होता. आठवी गणिताचा पेपर उद्याच पाहिजे म्हणतात. टाइप करून ठेवलेला आहे लॅपटॉपमध्ये. तुम्ही वर जाल का? मी सांगते तसं करा."

मी म्हणालो, मला येत नाही. ती म्हणाली, "येतं. चष्मा घ्या."

चष्मा घेऊन वर गेलो. तिनं एकेक सांगितलं. लॅपटॉप उघडा. पासवर्ड सांगितला, मी एका बोटानं टाकला. डाव्या बाजूला पिवळा खोका दिसतो का, त्यावर दोनदा टिचकी मारा. मी मारली, काही झालं नाही. "मामा, दोन्ही टिचक्या लगेच लगेच. तुम्ही एक मारून थांबता." मागून माया कशावर तरी काही आपटत होती. मग पेपर उघडला. खरंच सुंदर छापलेला दिसत होता, अपूर्णांक एका ओळीत. प्रिंटवर गेलो. तिथं आदर्शच्या कॉम्प्युटरचं नाव आलं. ती म्हणाली, "तेच. तेच निवडा."

निवडलं. बटण दाबलं.

"आला का?"

वरून कसं कळणार? मी जिन्यात जाऊन सुमनला हाक मारली. ती दुकानात जाऊन उभी राहिली.

"काही न्हाई आलं!"

"खालचा कॉम्प्युटर चालू आहे का?" फोनवरून विशाखा.

"चालू आहे. शुक्रवारपासून बंदच केला नाही."

"मग कागद संपला असंल."

"सुमन, कागद आहे का मशीनमध्ये?"

"म्या काय मशीनवाली हाय का? कुठं असतो कागद?"

"खालचा खण ओढ!"

"कोणता खण?"

फोनमध्ये विशाखा हसत होती. "आत्याबाईंना सांगा, टीव्हीच्या खालचा नाही, मशीनच्या खालचा." मी ते जिन्यातून ओरडून सांगितलं. खाली धडधड झाली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग प्रिंटर गुरगुरला.

"आवं आला! आला, आला! येतच राहिला!" सुमन एवढ्या जोरात ओरडली की ईश्वरप्पा त्यांच्या दारातून विचारायला आले, काय झालं.

"आला," मी फोनवर सांगितलं.

"सगळी पानं आली का बघा. शेवटच्या पानावर आकृती आहे, ती कापली जाते कधीकधी."

मी खाली जाऊन बघितलं. आकृती पूर्ण होती. तिला सांगितलं.

"मग सरांना देऊन टाका. नववीचा मी सोमवारी आल्यावर बघते. ठेवू का मामा? माया पालथी होऊन पुढं सरकायचं बघतीय."

मी म्हणालो, ठेव.

पानं जुळवून सुमनकडे दिली, पिशवीत घालायला. तिला सांगितलं, विशाखा सोमवारी येते म्हणाली. ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं पदर काढून म्हणाली, "कोणत्या गाडीनं येती? सकाळच्या का दुपारच्या?"

"ते विचारलं नाही."

"मग एवढा वेळ बोललात तरी काय?"

उद्या विचारतो. फोन मीच करतो.